उत्सर्जन घटलं तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोच, असं का?

२०२० साली महासाथीमुळे जगभरची विमानं जमिनीवर होती, रस्ते ओस पडले होते, कितीतरी कारखाने बंद होते. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू जाळून होणारं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन त्या एका वर्षात सुमारे ५ टक्क्यांनी घटलं. तरीही हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत मे २०२० मध्ये या वायूचं प्रमाण ४१७ पीपीएम भरलं आणि मे २०२१ मध्ये ४१९. आकडा उतरला नाहीच, पण थांबलाही नाही.

हे पाहून कुणी म्हणालं की माणसाच्या वागण्याचा आणि या वायूचा काही संबंधच नाही. कुणी म्हणालं की आता काही करून उपयोग नाही. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गफलत आहे. जमाखर्चाच्या वहीत वर्षाची जमा वेगळी आणि खात्यावरची शिल्लक वेगळी. उत्सर्जन ही वर्षाची जमा आहे आणि हवेतलं प्रमाण ही शिल्लक. जमा ५ टक्क्यांनी कमी झाली म्हणून शिल्लक घटत नाही, ती फक्त किंचित सावकाश वाढते. हवामानबदलावरच्या चर्चेत सगळ्यात जास्त गोंधळ मला इथेच दिसतो, म्हणून बाकीचं सगळं याच एका गोष्टीच्या आधाराने समजून घेऊ.

आधी आकडा. पीपीएम म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्या वायूचे रेणू किती. औद्योगिक क्रांतीच्या आधी कार्बन डायऑक्साइडचे रेणू दहा लाखांत सुमारे २८० होते. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१३ होते. मे २०१३ मध्ये तिथल्या दैनंदिन सरासरीने पहिल्यांदा ४०० ओलांडले आणि मे २०२५ मध्ये महिन्याची सरासरी ४३० च्या वर गेली. म्हणजे माणसाने कारखाने उभारायला सुरुवात केल्यापासून हवेतला हा वायू दीडपट झाला आहे.

कीलिंग यांनी जागा फार विचारपूर्वक निवडली होती. समुद्राच्या मधोमध, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, शहरांपासून आणि जंगलांपासून लांब. तिथे येणारी हवा मोठ्या प्रदेशावरून मिसळून आलेली असते. मौना लोआ हा जिवंत ज्वालामुखी आहे हे खरं, पण ज्वालामुखीच्या तोंडाकडून वारा आला की आकड्यात लगेच उड्या दिसतात आणि त्या नोंदी बाजूला काढल्या जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये उद्रेकामुळे वेधशाळेचा रस्ता आणि वीज तुटली तेव्हा शेजारच्या मौना केआ शिखरावर तात्पुरती मोजणी सुरू करून नोंदींची मालिका राखली गेली. शिवाय दक्षिण ध्रुवापासून आर्क्टिकपर्यंत अनेक ठिकाणी अशीच मोजणी होते आणि सगळीकडचा कल एकच आहे.

कीलिंग यांच्या आलेखात आणखी एक सुंदर गोष्ट आहे. रेषा सरळ चढत नाही, दरवर्षी वरखाली होत चढते. पृथ्वीवरची बरीचशी जमीन उत्तर गोलार्धात आहे. तिथे वसंतात पालवी फुटली की झाडं हवेतला कार्बन ओढून घेतात आणि आकडा मे महिन्यानंतर उतरू लागतो. शरद ऋतूत पानं गळतात, कुजतात, आणि तोच कार्बन परत हवेत येतो. सगळ्या गोलार्धाचा श्वासोच्छ्वास एका रेषेत दिसतो. मौना लोआवर हा वार्षिक चढउतार साधारण ६ पीपीएमचा असतो. प्रश्न या चढउताराचा नाही. दरवर्षीचा तळ मागच्या वर्षीच्या तळापेक्षा वर असतो, हा आहे.

१९५८ च्या आधीचं कसं कळतं? अंटार्क्टिकावर बर्फ पडतो, थरावर थर साचतो, दाबाने घट्ट होतो आणि त्यात त्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकून राहतात. खोल भोकं पाडून या बर्फाचे लांबलचक दांडे बाहेर काढले की जुन्या हवेचा नमुना थेट हाती येतो. अंदाज बांधावा लागत नाही, खरी हवाच मोजता येते. असे नमुने आज आठ लाख वर्षं मागे जातात. या सगळ्या काळात हिमयुगं आली आणि गेली, आणि कार्बन डायऑक्साइड साधारण १८० ते ३०० पीपीएम यांच्या दरम्यान फिरत राहिला. शेवटचं हिमयुग संपताना तो सुमारे ८० पीपीएमने वाढला, त्याला हजारो वर्षं लागली. कीलिंग यांच्या पहिल्या मोजणीपासून आजपर्यंतची वाढ त्याहून मोठी आहे आणि ती एका माणसाच्या आयुष्यात मावते.

इथे एक शंका रास्त आहे. ४३० पीपीएम म्हणजे हवेचा जेमतेम ०.०४ टक्के भाग. एवढ्याशा वायूने काय होणार?

कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा आहे. दोन्हींच्या रेणूंत सारखेच दोन अणू असतात आणि असे रेणू उष्णतेचे किरण जवळपास शोषत नाहीत. जमीन आणि समुद्र सूर्यप्रकाशाने तापतात आणि ती उष्णता अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपात वर सोडतात. या किरणांपुरतं पाहिलं तर हवेचा ९९ टक्के भाग असून नसल्यासारखा आहे. अडवणूक होते ती उरलेल्या थोड्या वायूंकडून: पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि असेच काही. कार्बन डायऑक्साइडचा तीन अणूंचा रेणू वाकतो आणि कंप पावतो. १५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण त्या कंपनाशी बरोबर जुळतात, आणि पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता याच पट्ट्याच्या आसपास भरपूर असते. म्हणून प्रमाण कमी असूनही परिणाम मोठा. हवेत हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ते अधिक १५ च्या आसपास आहे याचं श्रेय त्यांचंच. हरितगृह परिणाम मुळात वाईट नाही, आपण त्याच्यामुळेच जगतो. तो वाढतो आहे, ही अडचण आहे.

हे ज्ञान नवीनही नाही. १८५६ मध्ये युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइड असलेली नळी जास्त तापते हे नोंदवलं. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी वायू उष्णतेचे किरण शोषतात हे अचूक उपकरणाने दाखवलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी कागद-पेन्सिलीने हिशोब मांडला की हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल. त्यांचं उत्तर आजच्या अंदाजापेक्षा जास्त होतं, पण दिशा बरोबर होती.

त्यानंतर एक आक्षेप आला, आणि तो आजही नव्याने मांडला जातो. कार्बन डायऑक्साइड आपल्या पट्ट्यातले बहुतेक किरण जमिनीपासून थोड्याच उंचीवर शोषून घेतो. मग आणखी वायू घातल्याने काय फरक पडणार, पट्टा तर आधीच भरला आहे! आक्षेप हुशारीचा आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. किरण एकदा शोषले की संपत नाहीत. तापलेली हवा पुन्हा किरण सोडते, वरचा थर ते शोषतो, तोही पुन्हा सोडतो. असं थरामागून थर चालत राहतं आणि शेवटी एका उंचीवर हवा इतकी विरळ होते की तिथून सुटलेले किरण थेट अवकाशात जातात. पृथ्वी किती उष्णता गमावते हे त्या उंचीवरच्या हवेच्या तापमानावर ठरतं. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही सुटण्याची उंची आणखी वर सरकते. वातावरणाच्या खालच्या भागात वर जावं तशी हवा थंड होत जाते आणि थंड हवा कमी उष्णता सोडते. म्हणजे येणारा सूर्यप्रकाश तेवढाच, बाहेर जाणारी उष्णता मात्र कमी. ही तूट भरून निघेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. खालचा पट्टा भरलेला असला तरी खरी गोष्ट वर घडते, आणि तो भाग कधी भरत नाही.

या गणिताची एक खूण तपासता येते. सूर्य जास्त तापल्यामुळे पृथ्वी तापत असती तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापायला हवं होतं. कारण कार्बन डायऑक्साइड असेल तर खालचा थर तापेल आणि त्यावरचा स्थितांबर थंड होईल. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या १९६७ च्या गणितातून हेच बाहेर आलं होतं. नंतरच्या दशकांत फुगे आणि उपग्रहांच्या मोजणीत नेमकं तेच दिसलं: खाली ऊब, वर गारवा. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पाण्याची वाफ तर कार्बन डायऑक्साइडपेक्षाही जास्त उष्णता अडवते, मग दोष तिचा का नाही? कारण वाफ स्वतःहून साठत नाही. जास्त झाली की काही दिवसांत पाऊस होऊन खाली येते. हवेत किती वाफ राहणार हे तापमान ठरवतं, दर अंशामागे हवा सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. म्हणून कार्बन डायऑक्साइडने सुरुवातीची ऊब दिली की वाफ वाढते आणि ती ऊब आणखी वाढवते. अतिवृष्टीचा जोर वाढण्यामागेही हीच जास्तीची वाफ आहे. सगळं धरून, हा वायू २८० वरून ५६० पीपीएम झाला तर कालांतराने तापमानात सुमारे ३ अंशांची वाढ होईल असा आजचा सर्वांत सयुक्तिक अंदाज आहे.

आता हा वाढलेला कार्बन आपलाच कशावरून? निसर्गात दरवर्षी झाडं, माती आणि समुद्र मिळून हवेत जो कार्बन सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या जवळजवळ वीसपट आहे. हे वाक्य खरं आहे, पण अर्धवट आहे. निसर्ग जेवढा सोडतो तेवढा, किंबहुना थोडा जास्तच, परत घेतो. माणूस दरवर्षी जंगलतोड धरून सुमारे ४,००० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि हवेत त्याच्या जेमतेम अर्धा वाढलेला दिसतो. उरलेला अर्धा समुद्राने आणि झाडामातीने गिळला. घेणारा निसर्ग आणि देणारे आपण, हे या वजाबाकीतूनच स्पष्ट होतं.

त्याखेरीज कार्बनच्या अंगावर त्याच्या उगमाची खूण असते. कार्बनचे जड आणि हलके असे प्रकार असतात. झाडं प्रकाशसंश्लेषणात हलका कार्बन-१२ पसंत करतात, त्यामुळे प्राचीन वनस्पतींपासून बनलेल्या कोळशात कार्बन-१३ कमी असतो. किरणोत्सारी कार्बन-१४ तर साधारण ५,७३० वर्षांत निम्मा होतो, म्हणून कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेल्या इंधनात तो शिल्लकच नसतो. हवेत कोळसा-तेलाचा धूर मिसळत असेल तर दोन्हींचं प्रमाण घसरायला हवं. ते घसरलं आहे. हान्स सूस यांनी १९५० च्या दशकात झाडांच्या वाढवलयांमध्ये कार्बन-१४ मधली ही घसरण दाखवली. ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो, पण त्यातल्या कार्बन-१३ चं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे कार्बन-१३ मधली घसरण त्याच्या नावावर टाकता येत नाही. शिवाय इंधन जळताना ऑक्सिजन वापरला जातो, आणि हवेतला ऑक्सिजन अगदी सूक्ष्म प्रमाणात, पण मोजता येईल इतका कमी होतो आहे. श्वास घ्यायला कमी पडेल असं त्यात काही नाही, पुरावा म्हणून मात्र तो पक्का आहे. आणि जगभरचे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

समुद्राने आपल्या उत्सर्जनाचा सुमारे चौथा हिस्सा घेतला हे आपल्या पथ्यावर पडलं, पण त्याची किंमत समुद्र मोजतो आहे. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं कार्बनिक आम्ल बनतं. औद्योगिक काळाच्या आधी समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू (पीएच; हा आकडा उतरला की आम्लपणा वाढतो) सुमारे ८.२ होता, आज तो ८.१ च्या आसपास आहे. फरक क्षुल्लक वाटतो, पण हे मोजमाप गुणाकाराने चालतं. हायड्रोजन आयनांचं प्रमाण त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं आहे. समुद्र अजून अल्कधर्मीच आहे, तो आम्ल झालेला नाही. पण हे जास्तीचे हायड्रोजन आयन पाण्यातल्या कार्बोनेटला पकडून ठेवतात, आणि प्रवाळ, शिंपले, कालवं यांना कवच बांधायला नेमकं तेच कार्बोनेट लागतं. मला हा परिणाम विशेष अस्वस्थ करतो, कारण तो तापमानावर अवलंबून नाही. उद्या कुणी आकाशात धूळ उडवून ऊन अडवलं आणि पृथ्वी गार ठेवली, तरी समुद्राचं हे रसायन बदलतच राहील.

आणि झाडं? हा वायू झाडांचं अन्नच आहे, मग वाढला तर चांगलंच नाही का? काही अंशी, हो. उपग्रहांना गेल्या काही दशकांत पृथ्वीवरची हिरवाई वाढलेली दिसते आणि त्यात वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा आहे. हवेत तो भरपूर असला की पानांना पर्णरंध्रं फार उघडावी लागत नाहीत, त्यामुळे पाणीही वाचतं. गहू आणि भात यांच्यासारख्या पिकांना याचा फायदा जास्त होतो. मका, ज्वारी, ऊस यांच्याकडे कार्बन गोळा करण्याची स्वतःची वेगळी यंत्रणा असते, त्यामुळे त्यांना फारसा होत नाही. पण वाढलेलं पीक आणि पौष्टिक पीक या दोन गोष्टी आहेत. उघड्या शेतात नळ्यांनी कार्बन डायऑक्साइड सोडून तो सुमारे ५५० पीपीएमवर ठेवायचा आणि पीक घ्यायचं, असे प्रयोग अनेक देशांत झाले. २०१४ मध्ये त्यांचे निकाल एकत्र मांडले गेले तेव्हा गव्हातलं जस्त सुमारे ९ टक्के, लोह ५ टक्के आणि प्रथिनं ६ टक्के कमी झालेली दिसली. पोटाची भूक भागली तरी अंगाला जस्त आणि लोह कमी मिळालं, तर त्याचा फटका ज्यांचं सगळं जेवण धान्यावर अवलंबून आहे अशा गरिबांना बसतो. वर उष्णतेच्या लाटा आणि लहरी पाऊस याच पिकांवर येणार, तो हिशोब वेगळाच.

आता परत शिल्लकेकडे. हा वायू हवेत किती काळ राहतो? एखादा विशिष्ट रेणू चारपाच वर्षांत झाडात किंवा समुद्रात जाऊ शकतो, आणि यावरून काहीजण म्हणतात की मग चिंता कसली. पण त्याच वेळी दुसरा रेणू तिथून हवेत येतो. नोटा बदलल्या म्हणून खात्यातली रक्कम कमी होत नाही. जास्तीची रक्कम खरोखर उतरायची तर कार्बन खोल समुद्रात जायला हवा, आणि समुद्राचं वरचं-खालचं पाणी मिसळायला हजार वर्षांच्या आसपास लागतात. त्यानंतर समुद्रतळाचा चुना विरघळून काही भाग सामावतो, त्याला हजारो वर्षं. उरलेला खडकांची झीज होताना बांधला जातो, त्याला लाखो. म्हणूनच आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी १५ ते ४० टक्के हजार वर्षांनंतरही हवेत असेल असा अंदाज आहे. मिथेनचं तसं नाही, तो उष्णता अडवण्यात कितीतरी जोरदार असला तरी साधारण बारा वर्षांत विरतो. मिथेनची गळती थांबवली तर परिणाम आपल्या डोळ्यांदेखत दिसेल. कार्बन डायऑक्साइड साचतो.

साचण्याचा हा स्वभाव एका सरळ नात्यात उतरतो. आजवरच्या एकूण उत्सर्जनात दर एक लाख कोटी टनांची भर पडली की पृथ्वीचं तापमान सुमारे ०.४५ अंशाने वाढतं. १८५० पासून २०१९ पर्यंत माणसाने साधारण २.४ लाख कोटी टन सोडले. २०११ ते २०२० या दशकाचं सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.१ अंशांनी जास्त होतं. २०२४ हे १.५ अंशांच्या पलीकडे गेलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं, त्यात एल निनोचाही हातभार होता. कोणत्या देशाने, कोणत्या वर्षी सोडला याने हवेला फरक पडत नाही, बेरीज मोजली जाते. न्यायाचा प्रश्न मात्र याच बेरजेतून उभा राहतो, कारण १९०० साली जाळलेल्या कोळशाचा काही भाग आजही आपल्या डोक्यावर आहे.

याच नात्यातून एक दिलासाही निघतो, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही असं मला मनापासून वाटतं. निव्वळ उत्सर्जन शून्यावर आलं की तापमानाची वाढ जवळपास थांबते. समुद्र हवेतला कार्बन हळूहळू घेत राहतो, त्याने अडवणूक कमी होते. दुसरीकडे समुद्राची तापण्याची प्रक्रिया अजून पुरी व्हायची असते, त्याने ऊब थोडी वाढते. या दोन गोष्टी एकमेकींना साधारण तोलून धरतात. म्हणजे पुढे किती तापायचं हे अजून ठरलेलं नाही, ते आपण आणखी किती सोडतो यावर ठरणार आहे. मात्र जे तापमान गाठलं ते शतकानुशतकं उतरत नाही, आणि समुद्राची पातळी त्यानंतरही चढत राहते. उत्सर्जन अर्ध्यावर आणलं तर तापमान सावकाश वाढेल, पण वाढेलच. म्हणून लक्ष्य 'कमी' हे नसून शून्य हे आहे.

राहिला प्रश्न साचलेला कार्बन परत काढण्याचा. हवेत एक पीपीएम म्हणजे सुमारे ७८० कोटी टन कार्बन डायऑक्साइड. एक पीपीएम खाली आणायला मात्र तेवढा काढून भागत नाही, कारण हवेतलं प्रमाण उतरू लागलं की समुद्र आणि जमीन आपल्याकडचा काही कार्बन परत सोडतात. २०२१ मध्ये आइसलँडमध्ये सुरू झालेल्या ओर्का या हवा गाळणाऱ्या प्रकल्पाची आराखड्यानुसार क्षमता वर्षाला ४,००० टन होती. जगभर इंधनं जाळून दर सेकंदाला साधारण १,१०० टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे त्या यंत्राचं वर्षभराचं काम चार सेकंदांतल्या उत्सर्जनाएवढंही नाही. अशी यंत्रं लागणारच आहेत, कारण सिमेंट बनवताना चुनखडीतून सुटणारा कार्बन किंवा लांब पल्ल्याच्या विमानांचं इंधन यांना सोपा पर्याय नाही. पण ती त्या उरलेल्या थोड्या हिश्शासाठी. वीज, वाहतूक आणि घरातली ऊब यांसाठी आज जो कोळसा, तेल आणि वायू जळतो, तो जमिनीतच ठेवणं हे हवेतून परत काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आणि त्यासाठी लागणारं तंत्रज्ञान बहुतांशी आज हाताशी आहे.